आधी साल सांगा, मग इंजिन विचारा

मागच्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेलो की मॉडेल रेल्वे करणाऱ्याचं घोडं पैशापाशी अडत नाही, जुनी माहिती कुठं शोधायची तिथं अडतं, आणि झालं, सांगली साताऱ्याकडून एवढे प्रश्न आले की बाकीचे विषय सगळे पुढं ढकलले. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी रागवू नये, पुढचा अंक तुमचा. सगळ्यांना एकच विनंती, प्रश्न पाठवताना साल लिहा. "जुन्या काळातलं" हे साल नाही.

प्रश्न – वय ७२, विश्रामबागला राहतो. वडील मिरजेच्या लोको शेडला फायरमन होते. गच्चीवरच्या खोलीत आठ बाय तीन फुटाचं टेबल टाकून १९६२ सालचं मिरज जंक्शन करायचंय. तिन्ही गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ब्रॉड, मीटर नि नॅरो) दाखवायचेत, एका बाजूला वडिलांचं वायपी, वाफेचं इंजिन, आणि शेजारी पुण्याला जाणारी ब्रॉडगेजची डिझेल गाडी. डिझेल कुठलं घेऊ?

उत्तर – काका, कुठलंच घेऊ नका. १९६२ ला मिरजेत ब्रॉडगेजच नव्हतं. पुणे-मिरज लाईन सदर्न मराठा रेल्वेनं १८८० च्या दशकात टाकली ती मीटरगेजची, कोल्हापूरची लाईन १८९१ ला सुरू झाली ती पण मीटरगेज, आणि ब्रॉडगेज आलं ते १९७१ च्या आसपास. म्हणजे तुमच्या टेबलावर १९६२ ला दोनच गेज येतात, मीटर आणि पंढरपूरकडं जाणारी बार्शी लाईट, ती नॅरोगेज. तिन्ही गेज एकत्र हवे असतील तर १९७१ च्या पुढं या, ब्रॉडगेज पुण्याला नि कोल्हापूरला, मीटरगेज बेळगाव-लोंढ्याकडं, नॅरोगेज पंढरपूरला, आणि असं ते नव्वदच्या दशकापर्यंत चाललं. ही जी तीन गेजची मिरज लोकांच्या डोक्यात बसलीय ना, ती वीस-पंचवीस वर्षांचीच आहे, पण ज्याला विचाराल तो म्हणतो आमच्या आजोबांच्या वेळेपासून तसंच होतं.

आता तुम्ही काय करायचं ते तुमच्यावर. माझं विचाराल तर मी १९७३ धरीन. ब्रॉडगेजवर डब्ल्यूडीएम-टू हे डिझेल इंजिन उभं, पलीकडं लोंढ्याची गाडी घेऊन वायपी निघायच्या बेतात, आणि मध्ये ट्रान्सशिपमेंटची शेड, जिथं एका गेजच्या वाघिणीतनं पोती काढून दुसऱ्या गेजच्या वाघिणीत टाकायची, हमालांच्या पाठीवर. गेज बदललं की हे आलंच, गाडी पुढं जात नाही, माल पाठीवरनं जातो. मिरजेचं मॉडेल करून ही शेड न करणारे बघितलेत मी, मला ते गणपती बसवून उंदीर विसरल्यासारखं वाटतं. पण वडील १९७० च्या आधी रिटायर झाले असतील आणि त्यांचीच आठवण म्हणून करताय तर ब्रॉडगेजचा मोह सोडा, १९६२ च ठेवा, त्यात पण भरपूर आहे.

साल ठरलं की बाकीच्या गोष्टी आपोआप पटापट बसतात. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, आणि डब्यावर काय लिहायचं? १४ एप्रिल १९५१ च्या आधी एमएसएम, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा, त्या दिवसापासून सदर्न रेल्वे, आणि २ ऑक्टोबर १९६६ ला साऊथ सेंट्रल निघाली तेव्हा हुबळी डिव्हिजन तिकडं गेलं. तेव्हा १९६२ ला 'द', म्हणजे दक्षिण, आणि १९७३ ला 'द म', दक्षिण मध्य. इंजिनाचा नंबर अखिल भारतीय मालिकेतला हवा, कारण १९५७-५८ कडं सगळ्या इंजिनांना नवे नंबर दिले, वायपीचे २००० पासून पुढं सुरू होतात. १९७४ ला थर्ड क्लास बंद झाला, म्हणून त्याच्या आधीच्या प्रत्येक गाडीत तीन नंबरचे डबे पाहिजेत, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त पाहिजेत. डब्याचा रंग विटकरी तांबडा. निळे डबे लावले की साल लगेच तीस वर्षं पुढं पळतं.

माहिती कुठं मिळेल म्हणाल तर आधी घरातली ट्रंक उघडा. वडिलांचं सर्व्हिस बुक, जुना पास, पीएफची स्लिप, यावर शेडचं आणि रेल्वेचं नाव तारखेसकट असतं. मग त्यांच्या वेळचे कोणी गार्ड, फायरमन, सांधेवाले अजून आहेत का बघा आणि त्यांच्याकडं वर्किंग टाइमटेबल आहे का विचारा, तिकीट खिडकीवर विकायचे ते नाही, स्टाफला द्यायचे ते, त्यात कुठल्या सेक्शनला किती स्पीड, कुठं पाणी घ्यायचं, क्रॉसिंग कुठं, सगळं असतं. स्टेशनच्या आखणीसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे बघा, मिरज-सांगली ४७ एल नंबरच्या शीटमध्ये येतं, कोरेगाव-रहिमतपूर ४७ के मध्ये, सातारा शहर ४७ जी मध्ये. एक इंच एक मैलवाली जुनी शीट मिळाली तर उत्तम, त्यावर मीटरगेज आणि ब्रॉडगेज वेगळ्या खुणेनं दाखवलेलं असतं. आणि एक गोष्ट जी भल्याभल्यांना सुचत नाही, सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ ला झाला तो 'दक्षिण सातारा' नावानं, सांगली हे नाव १९६० चं. त्यामुळं पन्नासच्या दशकातले सरकारी कागद सांगली म्हणून शोधत बसलात तर हाताला काही लागायचं नाही. त्याच्या आधीचं मिरज तर संस्थान, सांगली वेगळं संस्थान, ते कागद कोल्हापूर आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात विचारायचे.

वडिलांची मूर्ती कॅबच्या दारात ठेवा, हात बाहेर काढून टोकनचं, म्हणजे पुढच्या सेक्शनला जायच्या परवान्याचं, वेताचं कडं पकडताना. मॉडेल बघायला आलेली पोरं तेच विचारतात, हा माणूस ती रिंग का धरतोय.

प्रश्न – साताऱ्यात इंजिनिअरिंगला आहे. एचओ स्केलमध्ये १९६५ ची मीटरगेज लाईन करतोय, कोरेगावच्या बाजूची. ऑनलाईन कोड १०० चा ट्रॅक घेतला, १६.५ मिमीचा. ग्रुपवरचे म्हणतात सगळंच चुकलं. नेमकं काय चुकलं ते कोणी सांगत नाही, नुसते हसतात.

उत्तर – हसणाऱ्यांकडं लक्ष देऊ नको, पण चुकलंय हे खरं, आणि दोन ठिकाणी चुकलंय.

पहिलं गेज. एचओ म्हणजे १:८७. मीटरगेजचे १००० मिमी भागिले ८७, आले साडेअकरा. तू घेतलेला १६.५ मिमी ट्रॅक युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमीच्या गेजचा आहे, तो आपल्या मीटरगेजला तर चालतच नाही, ब्रॉडगेजला पण कमी पडतो, कारण १६७६ चे होतात १९.३. तुला पाहिजे तो १२ मिमीचा, एचओएम नावानं मिळतो, पेको करतं, टिलिग करतं. टीटी नावानं पण १२ मिमीचा ट्रॅक येतो आणि स्वस्त दिसला म्हणून पोरं तो घेतात, पण त्याचे स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे ओंडके, १:१२० च्या हिशोबाचे, बारीक आणि खेटून बसवलेले. इंजिन चालेल त्यावर, लाईन मात्र खेळण्यातली वाटेल.

दुसरं रुळाची उंची, आणि हे जास्त इंटरेस्टिंग आहे. कोड १०० म्हणजे रूळ ०.१ इंच उंच, म्हणजे २.५४ मिमी. त्याला ८७ नं गुण, २२१ मिमी येतात. आपल्याकडं आज सगळ्यात जड म्हणून वापरतात तो ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच असतो, ५२ किलोचा १५६, आधीचा ९० पौंडी १४३ च्या आत. आणि मीटरगेजवर त्या काळात असायचा ५० किंवा ६० पौंडी. पौंड म्हणजे एका यार्डाचं वजन, ६० पौंडी म्हणजे मीटरला ३० किलोच्या आत. त्याची उंची ११४.३ मिमी, म्हणजे मॉडेलवर १.३ मिमी. तू जो टाकलायस तो जवळजवळ दुप्पट. कोड ७५ पण १६६ मिमीचा पडतो, ५२ किलोपेक्षा उंच. ६० पौंडीच्या जवळ जाणारा म्हणजे कोड ५५.

पण १९६५ ला तुझ्या त्या सेक्शनला खरंच ६० पौंडी होता का, हे कशावरून ठरवायचं? इथं पुस्तक नको, चप्पल घाल आणि बाहेर पड. जुने काढलेले रूळ रेल्वेनं आणि लोकांनी कुठं कुठं लावलेत ते बघ, कुंपणाचे खांब, गेटचे खांब, शेडचे खांब, वखारीच्या माळ्याच्या तुळया, एखाद्या देवळाच्या सभामंडपात पण. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक उभा आहे, त्याला बकऱ्या बांधतात. रुळाला वर डोकं असतं, खाली पाय, आणि मधली उभी पट्टी, त्या पट्टीवर कारखान्यात रूळ लाटतानाच उठावाची अक्षरं येतात, किती वजनाचा, कोणी केला, कुठल्या साली. गंज आणि चुन्याखाली ती दिवसा दिसत नाहीत. मी काय केलं, संध्याकाळी अंधार पडल्यावर गेलो, बॅटरी रुळाला चिकटवून तिरकी धरली, आणि खडूचा तुकडा आडवा करून पट्टीवरनं हलका फिरवला, तसं आधी नुसता एक '६' दिसला, मग त्याच्या पुढं '०', मग 'टाटा' असं इंग्रजीत, मग साल. बकऱ्यांचा मालक बाहेर येऊन बघत उभा राहिला, त्याला वाटलं मी जागा मोजतोय. सोबत एक टेप ठेव, उंची आणि पायाची रुंदी घे. ६० पौंडीचा पाय १०९.५ मिमी, ७५ पौंडीचा १२२, ९० पौंडीचा १३६.५. अक्षरं पार झिजली असली तरी एवढ्यावर कळतं. ५२ किलोचा पाय १३६ म्हणजे ९० पौंडीएवढाच, तिथं उंचीच बघायची.

चालू लाईनवर मात्र उतरायचं नाही. रेल्वे ॲक्टच्या १४७ कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्लॅटफॉर्मवरून आणि गेटवरून दिसतं तेवढं बास, नाहीतर स्टेशन मास्तरांना जाऊन नीट विचारायचं, चांगले असतात बहुतेक. आणि हो, तू कोरेगावची बाजू म्हणालास म्हणून, जुनी मीटरगेज सातारा शहराला शिवत नव्हती, सातारा रोडवरून जायची. आजचं माहुलीजवळचं सातारा स्टेशन बघून लेआऊट आखलास तर पुन्हा हसतील.

स्लीपर. लाकडी मीटरगेजचा स्लीपर १८०० बाय २०० बाय ११५ मिमी, म्हणजे मॉडेलवर २०.७ लांब, २.३ रुंद. मीटरगेजचा रूळ १२ मीटरचा असायचा आणि त्याखाली स्लीपर किती हे एम अधिक तीन, एम अधिक चार असं बोलतात, एम म्हणजे रुळाची लांबी मीटरमध्ये. एम अधिक तीन म्हणजे १२ मीटरला १५ स्लीपर, म्हणजे ८० सेंटीमीटरला एक, तुझ्या टेबलावर ९ मिमीला एक. विकतचा ट्रॅक बघ, यापेक्षा दाट असतो. म्हणून मी म्हणेन ट्रॅक घरीच कर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तांब्याचा थर असलेली पीसीबीची पट्टी मिळते, तिचे २०.७ चे तुकडे, मध्ये करवतीनं तांबं कापून घ्यायचं नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतील, आणि दर पाचवा स्लीपर हा, बाकीचे आइस्क्रीमच्या काडीचे. कोड ५५ ची नुसती रुळाची पट्टी आणून डाग द्यायचा. वेळ खातं, पण एकदा जमलं की विकतचं बघवत नाही.

आणि सिमेंटचे स्लीपर नको! हे मी शहाणपणानं नाही सांगत, मार खाऊन सांगतोय. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी १९६० ची लाईन करून प्रदर्शनात ठेवली होती, सगळीकडं छान राखाडी काँक्रीटचे स्लीपर, कारण लहानपणापासून तेच बघितलेले. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ वाकून बघत होते, मला वाटलं खूष झाले, तर ते म्हणाले, "साहेब, हे आमच्या वेळेला असते तर माझा खांदा एवढा गेला नसता." गँगमन होते ते, लाकडी आणि लोखंडी स्लीपर वाहिलेले. काँक्रीटचे आपल्याकडं सत्तरच्या दशकानंतरचे. घरी येऊन चारशे स्लीपर उचकटले. लोखंडीत सीएसटी-नाईन करायचा असेल तर लक्षात ठेव, तो सलग नसतो, दोन बाजूला दोन ओतीव पाट आणि मध्ये नुसती पट्टी, म्हणजे दोन रुळांच्या मधली खडी उघडी दिसते.

प्रश्न – भिलवडीहून लिहिते. आजोबांचा एक फोटो सापडला, ते एका इंजिनाशेजारी उभे आहेत, मागं स्टेशन दिसत नाही. नातवाला त्याच इंजिनाचं मॉडेल करून द्यायचंय. इंजिन कुठलं हे कसं ओळखायचं?

उत्तर – ताई, चाकं मोजा. फोटोत एकच बाजू दिसते म्हणून जेवढी दिसतील त्याच्या दुप्पट करायची. पुढं दोन बारकी, मग तीन मोठी, मग मागं एक बारकं, असं दिसलं तर ते ४-६-२, वायपी असायची शक्यता जास्त, ते पॅसेंजरचं. पुढं एक बारकं, चार मोठी, मागं एक बारकं असेल तर २-८-२, वायजी, मालगाडीचं. पुढं दोन बारकी नि तीन मोठी आणि मागं काहीच नाही तर ४-६-०, ते या दोघांपेक्षा जुन्या घराण्यातलं. टेंडरची चाकं यात धरायची नाहीत, पुष्कळ लोक तिथं फसतात. वाय म्हणजे मीटरगेज, पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे गुड्स, एवढं नातवाला पाठ करून घ्या. ब्रॉडगेजच्या डब्ल्यूपीचं नाक बंदुकीच्या गोळीसारखं पुढं आलेलं असतं, ते वायपीला नसतं, त्यामुळं ती गल्लत व्हायची नाही.

मग मापं. वायपीचं मोठं चाक १३७२ मिमी, वायजीचं १२१९. फोटो बऱ्यापैकी बाजूनं सरळ काढलेला असेल तर फोटोतलं चाक पट्टीनं मोजा. समजा २२ मिमी आलं, तर फोटोतला एक मिमी म्हणजे खरे ६२ मिमी, या हिशोबानं चिमणी, कॅब, पायरी सगळ्यांची उंची काढता येते. चाक आडवं पण मोजा आणि उभं पण. दोन्ही मापं सारखी आली नाहीत तर फोटो तिरका आहे, मग लांबीच्या मापांवर विश्वास ठेवायचा नाही, उंचीची तेवढी घ्यायची. पडताळायला आजोबा आहेतच, त्यांची उंची घरात कोणाला तरी माहीत असेल.

मोबाईलनं फोटोचा फोटो काढू नका, स्कॅन करून आणा, १२०० डीपीआयला, आणि मग कॅबच्या बाजूला नंबर वाचता येतो का बघा. अल्बममधनं काढताना ओढायचा नाही, मागं गोंद असेल तर दोरा सरकवत सरकवत सोडवायचा. मागची बाजू आवर्जून बघा, स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणाच्या तरी हातचं "भाऊ, मिरज" एवढं जरी असलं तरी काम होतं. वायपी निघालं तर फोटो १९४९ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण पहिली वायपी त्याच साली अमेरिकेतनं बाल्डविनकडून आली. पुढं परदेशी कंपन्यांनी केली आणि मग जमशेदपूरला टेल्कोनं पुष्कळ बांधली.

प्रश्न – शाळेत इतिहास शिकवतो. मुलांकडून ७ जून १९४३ चा शेणोलीचा प्रसंग मॉडेलमध्ये करून घ्यायचाय. नेटवर वायपीचं कागदी मॉडेल मिळालं, ते वापरू का?

उत्तर – सर, उपक्रम झकास, पण वायपी नको, वर लिहिलंच आहे, ती सहा वर्षांनी आली. प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पुणे-मिरज लाईनवर शेणोलीला सरकारी पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली, जी. डी. बापू लाड वगैरे मंडळी त्यात होती, हे मुलांना तुम्ही सांगितलं असेलच. त्या गाडीला इंजिन दाखवायचं तर ४-६-० दाखवा, १९०३ नंतर ब्रिटिशांनी जी ठराविक नमुन्याची इंजिनं ठरवली त्यात मीटरगेजच्या मेल-पॅसेंजरसाठी हेच होतं. काळा रंग, टेंडरवर इंग्रजीत एमएसएम, डबे लाकडी अंगाचे. लाकडी किंवा लोखंडी स्लीपर, बारीक रूळ, हातानं ओढायचे सिग्नल, ज्याचा हात खाली पडला की लाईन मोकळी.

पण मला विचाराल तर यात इंजिनापेक्षा जमीन महत्त्वाची. तारीख बघा की, ७ जून, मृग निघायचा दिवस! मॉडेल करणारे सवयीनं हिरवा भुसा पसरतात, आणि आपल्याकडं कृष्णाकाठ म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर ऊसच येतो, तर आजच्यासारखा सगळीकडं ऊस तेव्हा नव्हता. नांगरून-कुळवून तयार ठेवलेली काळी रानं, बांधावर वाळलेलं गवत, पावसाची वाट बघणारा उन्हाळा, असं ते पाहिजे. हिरवं असलंच तर बाभळी आणि विहिरीजवळची एखादी पट्टी. मुलांना म्हणावं आपल्या आजोबांना विचारून या, मृगाच्या दिवशी रान कसं दिसायचं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, त्यावर वर्गात भांडू द्या थोडं.

गावातली काही घरं अशी असतील की ज्यांचा कोणी ना कोणी त्या चळवळीत होता. तिथं मुलांना पाठवताना आधी तुम्ही जाऊन या.

प्रश्न – व्हॉट्सॲपवर 'सांगलीला आलेली पहिली रेल्वे, १९०७' असा फोटो फिरतोय. खरा आहे का? (खणभाग, सांगली)

उत्तर – फोटो खरा, मथळा खोटा. सांगली संस्थानची मिरज-सांगली रेल्वे १९०७ ला सुरू झाली इतकंच त्यात बरोबर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत इंजिन वायपी आहे, आणि डब्यावर 'द म' लिहिलंय, म्हणजे १९६६ च्या ऑक्टोबरनंतरचा. पहिली म्हणता म्हणता साठ वर्षं चुकले. ज्यांनी पाठवला त्यांना कळवा, ऐकणार नाहीत तो भाग वेगळा.

प्रश्न – कवठेमहांकाळचे आम्ही. आषाढीला बार्शी लाईटनं पंढरपूरला जायचो, टपावर बसून सुद्धा. ते करायचंय. ट्रॅक नि इंजिन कुठलं?

उत्तर – वा, हे मला स्वतःला करायचं होतं! गेज अडीच फूट, ७६२ मिमी, १:८७ ला ८.८ येतं, म्हणून ९ मिमीचा ट्रॅक चालतो, पण एन स्केलचा घेऊ नका. गेज तेच असलं तरी त्याचे स्लीपर बारीक. नॅरोगेजसाठीचा म्हणून वेगळा ९ मिमीचा मिळतो, तो घ्या. खरा लाकडी स्लीपर १५०० बाय १८० मिमी, म्हणजे १७ बाय २. रूळ सुरुवातीला ३० पौंडी होता, अगदी कोवळा, जितकी बारीक पट्टी मिळेल तितकी घ्या आणि थोडी वाकडीतिकडी बसली तरी सरळ करत बसू नका.

एवढ्या हलक्या रुळावर गाडी चालली कारण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं एक नियम धरला, इंजिन असो का वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. म्हणून चाकांची जास्त जोडपी, वजन वाटून टाकायचं. १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी एवढीच लाईन होती, बार्शी रोड म्हणजे आपलं कुर्डुवाडी, आणि तेव्हाची इंजिनं लीड्सच्या किट्सनची ०-८-४, पाण्याच्या टाक्या अंगावरच असलेली. पंढरपूर ते मिरज हा तुमचा तुकडा १९२७ चा, तोवर २-८-२ टेंडरवाली आली होती, तेव्हा तुम्ही तीच करा. १९५४ ला लाईन सरकारनं घेतली, म्हणून तुमच्या आठवणीतल्या गाडीवर बार्शी लाईट रेल्वेची अक्षरं नसणार, लोक नाव तेच घेत राहिले ते सोडा. याच कॅलथ्रॉपनं इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटाचीच लाईन केली, १९०४ ला सुरू झाली, तिचे नकाशे आणि किट तिकडच्या हौशी लोकांनी भरपूर केलेत. डबे-वाघिणींची ठेवण कळायला ते बघा.

टपावरची माणसं किती लावायची हे लिहिलं नाहीत. मोकळा टप दिसला तर आषाढी वाटणार नाही.

प्रश्न – खडीसाठी काय वापरता? बाहेरची फार महाग पडते. (कराड)

उत्तर – आपल्या मुलखात खडी विकत आणायची म्हणजे कमाल आहे. क्रशरवरची काळ्या दगडाची कच आणा, पिशवीभर कोणीही देतं. आधी चहाच्या गाळणीनं, मग मैद्याच्या चाळणीनं, दोन्हीच्या मध्ये जी राहते ती घ्यायची. खरी खडी ५० मिमीच्या आसपास, म्हणजे १:८७ ला अर्धा-पाऊण मिमी, त्याच्यापेक्षा मोठी झाली की धोंडे दिसतात. धुवून वाळवा. आणि मग पसरायच्या आधी कागदावर घेऊन त्यावरनं लोहचुंबक फिरवा, चुंबक पिशवीत गुंडाळून. आपल्या काळ्या दगडात लोहचुंबकी कण असतात, ते राहिले तर सरळ इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसतात, माझ्या दोन मोटरी गेल्या तेव्हा अक्कल आली. फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की आत नीट मुरतो, नुसता टाकला तर वर थेंब होऊन पळतो.

जाता जाता माझीच एक चूक. मागच्या अंकात १९२० च्या मॉडेलच्या फोटोखाली मी 'किर्लोस्करवाडी स्टेशन' लिहिलं. पलूसच्या एका आजींनी नातवाकडून टाईप करून पाठवलंय की त्यांच्या सासूबाई कायम 'कुंडल रोडला उतरलो' असंच म्हणायच्या, वाडी म्हणजे कारखान्याची वसाहत, स्टेशन नव्हे. बरोबर आहे, कारखाना १९१० चा असला तरी स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोडच. पाटी काढलीय, नवीन रंगवून वाळत ठेवलीय.